बालहृदय शस्त्रक्रियेनंतरचे तालदोष

जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रियेनंतर ठोक्यांचा वेग किंवा क्रम बिघडणे. हा बिघाड काही तासांत दिसतो, तसाच वीस-तीस वर्षांनीही.

याचे मूळ बरेचसे जागेत आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विद्युतसंदेश नेणारी एकच वाट असते : एव्ही नोड आणि त्यापुढचा हिसचा जुडगा. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला सर्वाधिक आढळणारे छिद्र (व्हीएसडी) या वाटेला खेटूनच असते. वाट डोळ्यांना दिसत नाही. सर्जन ती कुठून जात असणार हे जाणून ठिगळाचे टाके घालतो. टाका तिच्यात गेला किंवा भोवती सूज आली, तर संदेश अडतो. हा हार्ट ब्लॉक.

मिनेसोटा विद्यापीठात सी. वॉल्टन लिलहाय यांनी १९५४ मध्ये अशी छिद्रे बुजवायला सुरुवात केली, तेव्हा पूर्ण ब्लॉक झालेले मूल सहसा वाचत नसे. १९५७ मध्ये त्यांनी हृदयस्नायूला तार जोडून बाहेरून ठोके द्यायला सुरुवात केली. पण यंत्र घरगुती विजेवर चाले. त्याच ऑक्टोबरअखेर मिनिआपोलिसची वीज गेली आणि लिलहाय यांच्या मागणीवरून विद्युत अभियंता अर्ल बाकेन यांनी बॅटरीवरचा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर बनवला. आज पेसमेकर म्हातारपणाची खूण वाटतो; हा मात्र लहान मुलांसाठी झाला.

आता शस्त्रक्रियेतच तात्पुरत्या तारा लावून ठेवतात. ब्लॉक सात ते दहा दिवसांत सुटला नाही, तर कायमचा पेसमेकर बसवतात. तान्ह्या बाळात त्याची बॅटरी बहुधा पोटाच्या भिंतीत असते.

उलट टोकाचा दोष म्हणजे जंक्शनल एक्टोपिक टॅकिकार्डिया, आयसीयूच्या बोलीत ‘जेट’. पहिल्या एक-दोन दिवसांत याच वाटेजवळच्या पेशी स्वतःहून ठोके सोडू लागतात. वेग मिनिटाला १७० च्या वर, कधी २०० पलीकडे. विजेच्या झटक्याने तो थांबत नाही. अॅड्रेनलिनसारखी औषधे कमी करतात, गुंगी देतात, ठोक्यांचा ताल आवरणारे अमिओडॅरोन हे औषध वापरतात आणि अंग ३४-३५ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात. गार पडलेले मूल पाहून आईवडील हबकतात. ते मुद्दाम केलेले असते, हे त्यांना आधीच सांगितलेले बरे.

उशिराचे दोष व्रणांमुळे येतात. मस्टर्ड व सेनिंग (मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या हृदयासाठी) आणि फाँटन (खालचा एकच कप्पा कामाचा असलेल्या हृदयासाठी) या शस्त्रक्रियांनंतर वरच्या कप्प्यांत संदेश व्रणाभोवती गोल फिरत राहतो. फॅलोच्या चतुष्कदोषात (चार हृदयदोष एकत्र असलेला जन्मजात विकार) खालच्या कप्प्यांतून जीवघेणी धडधड उद्भवू शकते. ईसीजीतील क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत संदेश पसरतानाची रेघ) १८० मिलिसेकंदांहून रुंद असेल, तर धोका वाढतो. त्यामुळे लहानपणी ‘बरे झालेल्या’ रुग्णाला मोठेपणी भोवळ आली, तर आधी ठोक्यांची तपासणी करतात.