मुंबई इलाख्याचे गव्हर्नरपद

ब्रिटिश हिंदुस्थानातील मुंबई इलाख्याच्या कारभाराचे सर्वोच्च पद. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालकडून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे आले, तेव्हापासून १९६० पर्यंत हे पद या ना त्या स्वरूपात टिकून राहिले. त्याचा इतिहास केवळ पदाधिकाऱ्यांच्या कर्तबगारीवरून समजत नाही. गव्हर्नर कोणाला जबाबदार होता, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर अधिक महत्त्वाचा ठरतो.

राजाने नेमलेला पहिला गव्हर्नर सर अब्राहम शिपमन १६६२ मध्ये मुंबईच्या बंदरात येऊन पोहोचला, पण पोर्तुगीजांनी बेटाचा ताबा देण्याचे नाकारले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत असतानाच १६६४ मध्ये तो मरण पावला आणि ताबा अखेर १६६५ मध्ये त्याचा सचिव हंफ्री कुक याने घेतला. खर्चाच्या मानाने उत्पन्न नाही, हे पाहून राजाने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडावर मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्यामुळे सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष हाच मुंबईचा गव्हर्नर झाला. या काळातील जेरल्ड आँजियर (१६६९–७७) याने न्यायालये स्थापली आणि व्यापारी जातीजमातींना मुंबईत येऊन राहण्यास उत्तेजन दिले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर वकील म्हणून गेला, तो याच गव्हर्नराच्या वतीने. कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलले ते १६८७ मध्ये.

१७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध व तह यांबाबत मुंबई सरकार कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या देखरेखीखाली आले. हे बंधन मुंबईच्या कौन्सिलाला मानवले नाही. विल्यम हॉर्नबी (१७७१–८४) याच्या सरकारने १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह परस्पर केला. कलकत्त्याने तो अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला, तरीही मुंबईकरांनी राघोबांचा पक्ष सोडला नाही. परिणामी जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईच्या फौजेला मराठ्यांपुढे नामुष्कीचा करार करावा लागला. मुंबई सरकारचा उतावीळपणा आणि दोन सत्ताकेंद्रांतील बेबनाव, या दोहोंचा तो परिपाक होता.

मराठी मुलखाच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी कारकीर्द माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९–२७) याची होय. पुणे दरबारी रेसिडेंट आणि पेशवाईच्या पाडावानंतर दख्खनचा कमिशनर म्हणून काम केल्यामुळे हा प्रदेश त्याला जवळून माहीत होता, आणि जिंकलेल्या मुलखातील इनामे, वतने व पंचायती एकाएकी मोडू नयेत, असे त्याचे धोरण होते. १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तर १८२७ मध्ये इलाख्याचे कायदे संहितेच्या रूपाने एकत्र करण्यात आले. त्याच्या निवृत्तीच्या वेळी मुंबईच्या नागरिकांनी जमवलेल्या निधीतून पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय उभे राहिले. परकीय राज्यकर्ता असूनही त्याला मिळालेला हा आदर नंतरच्या फार थोड्या गव्हर्नरांच्या वाट्याला आला.

१८३३ च्या सनदेने मुंबई सरकारचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला. तो १८६१ मध्ये परत मिळाला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपून कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेल्यावरही मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांचा मान इतर प्रांतांच्या लेफ्टनंट गव्हर्नरांपेक्षा वरचा राहिला, कारण त्यांची नेमणूक थेट राजसत्तेकडून होई आणि त्यांना लंडनमधील भारतमंत्र्यांशी थेट पत्रव्यवहार करता येई. बहुतेक गव्हर्नर विलायतेतील उमराव किंवा राजकारणी असत. किल्ल्याचा तट पाडून शहराला मोकळे करणारे सर बार्टल फ्रिअर (१८६२–६७) आणि रिचर्ड टेंपल (१८७७–८०) हे मुलकी सेवेतून आलेले अपवाद होत.

गव्हर्नराचे निवासस्थान प्रथम किल्ल्यात व नंतर परळ येथे होते. १८८२ मध्ये सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा परळच्या बंगल्यात पटकीने मृत्यू झाला, त्यानंतर मुक्काम मलबार पॉइंटला हलवण्यात आला. परळच्या त्याच वास्तूत १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगसंशोधन प्रयोगशाळा आली. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्यास गणेशखिंड येथे राहत. फ्रिअर यांनी बांधावयास घेतलेल्या या प्रासादात आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. २२ जून १८९७ रोजी लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव येथेच साजरा झाला आणि समारंभाहून परतताना पुण्याचा प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पुढे २२ जुलै १९३१ रोजी हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन महाविद्यालयास भेट देण्यास आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून गोळी झाडली, हॉटसन बचावले.

१९१९ च्या कायद्याने द्विदल पद्धती (काही खाती मंत्र्यांकडे व बाकीची गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलाकडे) आली, तर १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिल्यावर मात्र कलम ९३ अन्वये सर्व सत्ता पुन्हा गव्हर्नरांच्या हाती गेली आणि १९४६ पर्यंत तेथेच राहिली. प्रांतिक स्वायत्ततेची मर्यादा यातून उघड झाली. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर सर जॉन कॉलव्हिल स्वातंत्र्यानंतरही काही महिने पदावर होते. जानेवारी १९४८ मध्ये राजा महाराजसिंह हे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपतींकडून होऊ लागली. मुंबई राज्याचे अखेरचे राज्यपाल श्रीप्रकाश हेच १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले.