फ्री कमी की अव्हेलेबल कमी?

रावेर-यावलकडे घरच्या इन्व्हर्टरवर चार जीबी रॅमचा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लावून केळीच्या भावाची साइट चालवायची, तर एक दिवस हे होतंच: रॅमचा हिशोब एमबीत दाखवणारी 'फ्री -एम' ही कमांड टाइप केली, फ्रीच्या रकान्यात १४० दिसलं, घाबरून मशीन रीस्टार्ट. त्याच ओळीच्या शेवटी अव्हेलेबल, म्हणजे गरज पडली तर मिळू शकणारी रॅम, २७०० होतं, तिकडे नजरच गेली नाही.

मशीन चालवणारा लिनक्स रॅम रिकामी पडू देत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइली तिथेच राहू देतो. बफ-कॅश हा रकाना तो. उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेली खाट जशी, पाहुणा आला की मोकळी करून द्यायची. दर तासाला कॅश रिकामा करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीची) ओळ कुणी सुचवली असेल तर काढून टाका. आकडा छान दिसतो, पण प्रत्येक फाइल पुन्हा एसडी कार्डावरून वाचावी लागते नि साइट रखडते. एवढंच लक्षात ठेवा की टीएमपीएफएसमधल्या, म्हणजे रॅममध्येच ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलीही याच रकान्यात मोजल्या जातात आणि त्या अशा सुटत नाहीत. 'फ्री'मधल्या शेअर्ड रकान्याचा आकडा फुगलेला असेल तर त्या तपासा.

अव्हेलेबलच १५० वर आलं, तर मात्र दुखणं खरं. दर सेकंदाला मेमरीची स्थिती दाखवणारं 'व्हीएमस्टॅट १' चालवा. पहिली ओळ सोडा, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये) सतत शून्याच्या वर असतील तर मशीन स्वॅपकडे, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेकडे, हेलपाटे घालतंय. स्वॅप नुसता भरलेला दिसला आणि हे दोन्ही शून्य असतील, तर सोडून द्या.

घरच्या सर्व्हरवर दोषी बहुधा पीएचपी-एफपीएम, म्हणजे साइटची पानं तयार करणारा प्रोग्रॅम. डेटाबेस आणि सिस्टिम वगळून १२०० एमबी उरत असेल आणि त्याचा एक चाइल्ड (विनंत्या हाताळणारी एक प्रोसेस) ६० एमबी खात असेल, तर मॅक्स-चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या चाइल्डची मर्यादा, २०. हे ६० 'टॉप' या कमांडमधल्या आरईएस रकान्यावरून काढू नका. सामायिक भाग तिथे प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा चढतो. पीएसएस (सामायिक भाग वाटून मोजलेला आकडा) घ्या, 'एसमेम' ते दाखवतं. २० च्या जागी ५० लिहिलं तर एरवी खपून जातं. सकाळी भाव बघायला एकदम झुंबड उडाली की रॅम संपते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठली तरी प्रोसेस मारतो, आणि पुष्कळदा बळी जातो मारियाडीबी हा डेटाबेस, कारण एकट्याने सगळ्यात जास्त रॅम धरलेली असते. मग लोक डेटाबेस दुरुस्त करत बसतात. आधी कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा.

चाइल्ड दिवसेंदिवस फुगत असेल तर ती मेमरीची गळती. पीएचपी-एफपीएमचं मॅक्स-रिक्वेस्ट्स ५०० ठेवा, म्हणजे तेवढ्या विनंत्यांनंतर चाइल्ड नव्याने सुरू होतो. आपल्याकडे ही गळती लपते ती लोडशेडिंगमुळे: इन्व्हर्टर बसला, मशीन बंद पडलं, लाइट आली की सगळं कोरं. म्हणून 'फ्री'चा आकडा लिहिताना शेजारी 'अपटाइम', म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे, तेही लिहा, आणि चौथ्या दिवसाची तुलना मागच्या वेळच्या चौथ्या दिवसाशीच करा.