आधी 'आर' बघा, मग आकडे घाला

आदर्श वायूचं 'पीव्ही = एनआरटी' (पी म्हणजे दाब, व्ही आकारमान, एन वायूचे मोल, टी तापमान) हे समीकरण रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. गुण जातात ते एककांत, आणि तिथेही बहुतेकदा मेख 'आर'मध्ये, म्हणजे वायुस्थिरांकात असते.

'आर'ची किंमत ८.३१४ की ०.०८२१? दोन्ही बरोबर. ८.३१४ घ्यायची तर दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये हवं, ०.०८२१ ला अ‍ॅटमॉस्फिअर आणि लिटर लागतात. यांची सरमिसळ झाली की उत्तर साधारण शंभरपट चुकतं, कारण १ लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ ज्यूल.

एक गणित करून बघू. ५०० मिलिलिटरच्या चंबूत २७ अंश सेल्सिअसला ७५० मिलिमीटर पारा इतक्या दाबाचा वायू आहे. मोल किती? दाब ७५० भागिले ७६०, म्हणजे ०.९८७ अ‍ॅटमॉस्फिअर. आकारमान ०.५ लिटर, तापमान ३०० केल्विन. उत्तर येतं ०.०२० मोल. हेच पास्कलमध्ये करायचं तर दाब जवळपास १,००,००० पास्कल, आकारमान ०.०००५ घनमीटर, 'आर' ८.३१४, उत्तर तेच. इथे घसरायची जागा म्हणजे घनमीटर. मीटरमध्ये १०० सेंटीमीटर म्हणून मिलिलिटरला १०० नेच भागणारे कमी नाहीत, पण घनमीटरमध्ये १० लाख मिलिलिटर मावतात. (दाब किलोपास्कलमध्ये दिला असेल तर ही कटकटच नको: किलोपास्कल, लिटर आणि ८.३१४ यांचं सरळ जमतं.)

तापमानाची गोष्ट वेगळी. बॉइलच्या नियमात (तापमान तेच असेल तर दाब गुणिले आकारमान तेवढंच राहतं) दोन्ही बाजूंना दाबाचं एकच एकक असलं की ते कोणतंही चालतं, कारण गुणोत्तरात ते कटून जातं. सेल्सिअस तसं कटत नाही. त्याचं शून्य पाण्याच्या गोठणबिंदूवर बसवलेलं आहे, त्यामुळे केल्विन करताना गुणायचं नसतं, २७३.१५ मिळवायचे असतात. २७ वरून ५४ अंशांवर गेलेला वायू दुप्पट तापलेला नसतो. ३०० चे ३२७ केल्विन झाले, म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. वरच्या गणितात ३०० ऐवजी २७ घातले तर ०.२२ मोल येतात, अकरापट जास्त.

अशी चूक नजरेनेच पकडता येते. ३०० केल्विनला, १ अ‍ॅटमॉस्फिअरला १ मोल वायू सुमारे २४.६ लिटर जागा घेतो. मग अर्ध्या लिटरमध्ये मोलचा पन्नासावा भागच मावणार.

प्रमाण स्थितीसाठी मात्र २२.४ लिटर डोळे मिटून वापरू नका. तो आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरचा आहे. १९८२ पासून आययूपीएसीने, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, प्रमाण दाब १ बार (१,००,००० पास्कल) धरला आहे आणि त्या हिशेबाने २२.७ लिटर येतात. प्रश्नात कोणता दाब धरलाय, ते वाचूनच आकडा उचला.