संगणक माऊस : नमुन्यांतून घडण

माऊस म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा बाण हाताने हलवण्याचे साधन. कळफलक टंकयंत्राकडून आयता मिळाला. माऊसच्या बाबतीत तशी सोय नव्हती. नमुना करायचा, वापरून बघायचा, मोडायचा आणि पुन्हा करायचा, असे करत त्याचे रूप ठरत गेले.

पहिला नमुना १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची, घडवला बिल इंग्लिश यांनी. तळहाताखाली मावणारा लाकडी ठोकळा, वर एक बटण आणि खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली धातूची दोन चाके. ठोकळा सरकवला की एक चाक आडवे अंतर मोजी, दुसरे उभे. चाकांना पोटेन्शिओमीटर जोडलेले होते. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करायच्या खुंटीमागे असतो तोच भाग. वायर सुरुवातीला मनगटाच्या बाजूने निघत असे. ती हाताखाली येऊ लागली म्हणून पुढे नेली. ‘माऊस’ हे नाव कोणी पाडले, ते पुढे एंगलबार्टनाही आठवत नव्हते.

या गटाने लाइट पेन (थेट पडद्यावर टेकवायचे पेन), जॉयस्टिक आणि चक्क टेबलाखाली गुडघ्याने हलवायचे एक साधन यांच्याशी माऊसची तुलना केली. पडद्यावरचा शब्द गाठायला लागणारा वेळ आणि होणाऱ्या चुका मोजल्या. सरावलेल्या हातांत माऊस सरस ठरला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पेटंट १९७० मध्ये मिळाले.

चाकांच्या जागी गोळी आली ती दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीने १९६८ मध्येच गोळीचे साधन बाजारात आणले होते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ते काम पुन्हा बिल इंग्लिश यांनीच केले. झेरॉक्सचा माऊस चाले उत्तम, पण नाजूक आणि महाग होता.

खरी कारागिरी यानंतरची. १९८० मध्ये ॲपलने होवी-केली या छोट्या डिझाइन कंपनीला काम दिले. डीन होवी यांच्या आठवणीनुसार स्टीव्ह जॉब्स यांची अट अशी होती की माऊस १५ डॉलरांच्या आत बनावा, दोनेक वर्षे टिकावा आणि जीन्सच्या मांडीवरही चालावा. होवींनी दुकानातून रोल-ऑन डिओडरंट आणि लोण्याची प्लास्टिकची डबी आणली, डिओडरंटची गोळी काढून डबीखाली बसवली आणि पहिले कच्चे मॉडेल उभे केले. त्यांचे सहकारी जिम युरचेन्को यांनी अटारीच्या खेळयंत्रातला ट्रॅकबॉल, म्हणजे जागच्या जागी हाताने फिरवायची गोळी, उघडून पाहिला. त्यात गोळी स्प्रिंगने दाबून धरलेली नव्हती, नुसती टेकलेली होती. माऊसमध्येही गोळी मोकळी सोडताच निम्मी गुंतागुंत गेली. गोळीने फिरणाऱ्या रुळांना खाचा असलेल्या चकत्या आणि प्रत्येक चकतीपाशी दोन प्रकाशसंवेदक, किंचित पुढेमागे. आधी कोणता झाकला जातो त्यावरून दिशा कळे. सगळे भाग नेमके जागेवर धरणारा एक प्लास्टिकचा सांगाडा साच्यातून काढला, त्यामुळे जुळणीही स्वस्त झाली. हा माऊस १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा संगणकाबरोबर बाजारात आला.

धूळ मात्र सुटली नाही. नव्वदीतल्या सायबर कॅफेत बसलेल्या कोणालाही आठवेल : बाण अडखळू लागला की माऊस उलटा करायचा, खालची चकती फिरवून गोळी काढायची आणि रुळांवरचा काळा थर नखाने खरवडायचा. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ऑप्टिकल माऊसमध्ये गोळीच नव्हती; आतला चिमुकला कॅमेरा पृष्ठभागाची सेकंदाला १,५०० चित्रे टिपून सरकणे ओळखे.

हल्ली आकार आधी फोममध्ये कोरतात, मग थ्री-डी प्रिंट काढतात. पोलादी साचा महाग. तो कापल्यावर चूक सापडली तर दुरुस्ती खिशाला झोंबते. म्हणून लहानमोठ्या हातांच्या, डावखुऱ्या माणसांना ही पोकळ मॉडेल धरायला देतात. खऱ्याइतके वजन यावे म्हणून आत धातूचे तुकडे चिकटवलेले असतात.