आधी पाणी, मग पोटॅशियम

राजेंद्रनगरच्या बाजूला, इंदूरकर ज्याला नुसतं 'कॅट' म्हणतात, ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावर, एक किरणवाहिनी खास प्रथिनांच्या स्फटिकांसाठी राखलेली आहे. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून अणूंच्या जागा काढायच्या. पोटॅशियम चॅनेल म्हणजे पेशीच्या पटलातून पोटॅशियमच्या आयनांना (प्रभार असलेल्या अणूंना) वाट देणारं प्रथिन. त्याची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी याच पद्धतीने उलगडली; २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. अडचण एवढीच की स्फटिकात प्रथिन एकाच स्थितीत थिजलेलं असतं, आणि चॅनेलची सगळी गंमत तर हालचालीत.

पेशीचं पटल जेमतेम ४ नॅनोमीटर जाडीचं, त्याच्या आत-बाहेर फरक सुमारे ७० मिलिव्होल्टचा. किरकोळ वाटतो ना? भागाकार करून बघा: मीटरला पावणेदोन कोटी व्होल्ट! या व्होल्टेजवर उघडझाप करणाऱ्या चॅनेलला ते ओळखणारे चार संवेदक असतात आणि त्यांच्यावर आर्जिनिन या अमिनो आम्लाचे धन प्रभार. पेशीची आतली बाजू ऋण आहे तोवर ते आत ओढलेले राहतात. व्होल्टेज पालटलं की बाहेर सरकतात.

हे संगणकावर बघायचं तर प्रत्येक अणूवरचं बल काढा, त्याला दोन फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) पुढे न्या, की पुन्हा बल काढा. एका मिलिसेकंदाला अशी पन्नास हजार कोटी पावलं होतात. (शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२च्या शोधनिबंधासाठी मज्जातंतूतल्या विद्युत्‌स्पंदाचं गणित हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवलं होतं, कारण केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता. पण त्यात अणू नव्हते, नुसती समीकरणं होती.)

न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ रिसर्च या संशोधन संस्थेने अशाच हिशेबांसाठी 'अँटन' हा महासंगणक बांधला. २०१२ साली त्यावर चॅनेल बंद होताना आणि उघडताना दिसलं. बंद होताना आधी मधली वाट कोरडी पडते: तिच्या भिंतींना पाण्याचं वावडं, त्या आत कोसळतात आणि आयनांचा प्रवाह तुटतो. संवेदक त्यानंतर सावकाश दीड नॅनोमीटर आत सरकतात. उघडताना संवेदक बाहेर सरकतात, त्यांना वाटेशी जोडणारा दुवा ताणला जातो, भिंती डळमळतात. मग पाणी शिरतं आणि त्याच्या मागून पोटॅशियम.

मात्र हे सगळं आटोक्यातल्या वेळात घडावं म्हणून शरीरात असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लावलं होतं. म्हणून घटनांचा क्रम मला पटतो, त्यांना लागलेला वेळ मात्र मी जपूनच वाचतो. संवेदकांचे प्रभार सरकताना वाहणारा इवलासा प्रवाह आर्मस्ट्राँग आणि बेझानिला या शास्त्रज्ञांनी १९७३ सालीच खऱ्या मज्जातंतूत मोजला होता, तेव्हा ताडून बघायला प्रयोगशाळेतले आकडे हाताशी आहेत.