धुपाटण्यातले जस्त

काही महिन्यांपूर्वी एका परिचितांनी मला मुद्दाम घरी बोलावून मलमलीत गुंडाळलेले एक धुपाटणे दाखवले. ते ओंजळीत मावेल एवढेच होते, पण उचलताच मनगटाला भार जाणवत होता. पसरट पोट, किंचित आत वळलेली मान, दोन बाजूंना कमानीसारखे दोन कान, तीन बुटके पाय आणि चिंचोक्याच्या सालीसारखा गडद तपकिरी, तुकतुकीत रंग. उलटे केल्यावर तळाशी चौकटीत कोरलेली सहा चिनी अक्षरे दिसली. त्यांचा अर्थ ‘महान मिंग राजवटीत, श्वानदे वर्षांत घडवलेले’ असा होतो. श्वानदे हे 1426 ते 1435 या राजवर्षांचे नाव. त्या अक्षरांवर भिस्त ठेवून गृहस्थांनी हे धुपाटणे ‘पंधराव्या शतकातील चिनी कांस्यपात्र’ म्हणून एका ऑनलाइन लिलावात विकत घेतले होते, आणि त्यासाठी चांगलीच रक्कम मोजली होती. नाणे असो वा भांडे, त्यावर कोरलेला काळ हाच त्याचा जन्मकाळ, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. चिनी धुपाटण्यांच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमीच चुकतो, आणि तो का चुकतो हे समजून घेण्याचा सर्वांत सुंदर मार्ग जस्ताच्या रसायनशास्त्रातून जातो.

मराठी माणसाला धुपाटणे ठाऊक असते ते मुख्यतः तेल आणि तूप गेल्यावर हाती उरणारी वस्तू म्हणून. चीनमध्ये त्याला दोन हजार वर्षांहून अधिक काळ मानाचे स्थान आहे. हान काळातील राजपुत्र लिऊ शंग इ.स.पू. 113 मध्ये वारला. त्याची कबर 1968 मध्ये हबेई प्रांतात मानचंग येथे सापडली आणि तीत सोन्याच्या जडावकामाचे एक कांस्य धुपाटणे होते. त्याचे झाकण डोंगररांगेच्या आकाराचे असून शिखरांमधल्या फटींतून धूर निघे आणि डोंगरांवर धुके उतरल्याचा भास होई. मिंग काळापर्यंत मात्र ही सजावट मागे पडून साधा, घोटीव आकार आणि धातूचा रंग यांनाच महत्त्व आले होते. पुढे विद्वानांच्या अभ्यासिकेत लेखणी, शाई आणि कागद यांच्या शेजारी असे एखादे धुपाटणे असणे हे अभिरुचीचे लक्षण मानले जाऊ लागले.

श्वानदे सम्राटाने 1428 मध्ये सयामहून आलेल्या उत्तम तांब्यापासून तीन हजारांहून अधिक पात्रे ओतवून घेतली आणि त्यासाठी ते तांबे बारा वेळा शुद्ध करवले, अशी कथा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. ही हकिगत सांगणाऱ्या ग्रंथाच्या अस्सलपणाविषयीच अभ्यासकांना गंभीर शंका आहेत. दुसरी कथा त्याहून रंगतदार आहे. राजवाड्यातील देवघराला आग लागली, सोन्याचांदीच्या आणि तांब्याच्या मूर्ती वितळून एक झाल्या आणि त्या धातूतून धुपाटणी घडली, असे ती सांगते. आपल्याकडे ‘अष्टधातू’ हा शब्द उच्चारून मूर्तींची किंमत वाढवतात, त्याच जातीची ही कथा आहे. सोने लपून राहणारा धातू नाही. ते मिश्रणात खरोखर असेल तर क्ष-किरण परीक्षणात काही सेकंदांत दिसते. अशा धातूंतून घरात शुभ ऊर्जा पसरते हा जाहिरातींतला दावा तर कोणत्याही मापनाला उतरत नाही, आणि एका थोर हस्तकलेला त्याची गरजही नाही.

त्या गृहस्थांच्या धुपाटण्यावर आम्ही हातात धरून चालवायच्या क्ष-किरण यंत्राने परीक्षण करवून घेतले. यंत्र धातूवर क्ष-किरण टाकते. प्रत्येक मूलद्रव्य त्याला उत्तर म्हणून आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण बाहेर टाकते आणि त्यांवरून घटकांचे प्रमाण कळते. पहिलीच गोष्ट अशी निघाली की ‘कांस्य’ म्हणून विकलेली ही वस्तू कांस्य नव्हतीच. तांब्यात कथील मिसळले की कांसे होते आणि जस्त मिसळले की पितळ, हे काशाची वाटी आणि पितळेचे पातेले वेगळे ओळखणाऱ्या मराठी घरात सांगायला नको. इंग्रजी लिलावांच्या याद्यांत मात्र तांब्याच्या बहुतेक सर्व जुन्या मिश्रधातूंना सरसकट ‘ब्राँझ’ म्हणण्याची प्रथा आहे, आणि श्वानदे-मुद्रेची असंख्य धुपाटणी प्रत्यक्षात पितळेची असतात. या धुपाटण्यात जस्ताचे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर होते. काळाचा निवाडा या एका आकड्यात दडलेला आहे.

जस्त हा धातू माणसाला एवढ्या उशिरा का मिळाला, हा धातुविद्येतील माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. तांबे, कथील, शिसे, लोखंड हे धातू खनिजातून काढण्याची रीत मुळात एकच आहे. खनिज कोळशासह तापवायचे, कोळशातील कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सुटा झालेला धातू भट्टीच्या तळाशी जमतो. जस्ताच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन ओढून घ्यायला सुमारे 1000 अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि जस्ताचा उत्कलनबिंदू आहे अवघा 907 अंश. म्हणजे जस्त सुटे होते त्याच क्षणी ते वाफ झालेले असते. ही वाफ भट्टीतल्या वायूंबरोबर वर जाते, वाटेत कार्बन डायऑक्साइड आणि हवा तिला गाठतात, आणि ती पुन्हा ऑक्साइड होऊन धुराड्याच्या भिंतींवर पांढरी पूड होऊन बसते. भट्टी लावणाऱ्याच्या हाती धातू येतच नाही. पितळ ओतणाऱ्या ओताऱ्यांना हा पांढरा धूर चांगला परिचयाचा असतो.

धातुरूप जस्त हाती नसतानाही प्राचीन कारागिरांनी पितळ केले, आणि त्यासाठी त्यांनी या वाफेलाच कामाला लावले. तांब्याचे बारीक तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळशाची पूड बंद मुशीत घालून ती 907 अंशांच्या वर, पण तांब्याच्या वितळणबिंदूच्या, म्हणजे 1085 अंशांच्या खाली तापवायची. सुटणारी जस्ताची वाफ बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ती घन तांब्याच्या पृष्ठभागातून आत झिरपते. पण आत गेलेले जस्तही स्वस्थ बसत नाही. पितळेतून त्याचे अणू पुन्हा वाफ होऊन बाहेर पडू पाहतात, आणि पितळेतील जस्ताचे प्रमाण जसजसे वाढते तसतसा हा बाहेर पडण्याचा जोर, म्हणजे पितळेवरील जस्ताचा बाष्पदाब वाढत जातो. मुशीतील वाफेचा दाब आणि हा दाब सारखे झाले की जेवढे जस्त आत शिरते तेवढेच बाहेर येते आणि प्रमाण तिथेच थांबते. शिवाय जस्त वाढले की पितळेचा वितळणबिंदू उतरतो. तुकडे वितळून तळाशी एकजीव झाले की वाफेला भिडणारा पृष्ठभाग एकदम कमी होतो आणि शोषणही मंदावते. या दोन्ही कारणांनी या पद्धतीच्या पितळेत साधारणपणे 28 टक्क्यांपर्यंत, आणि तांबे अगदी बारीक कणांचे असेल तर फार तर 33 टक्क्यांपर्यंत जस्त जाते. त्याहून जास्त जस्त असलेले पितळ करायचे तर आधी धातुरूप जस्त वेगळे हाती असावे लागते आणि ते वितळलेल्या तांब्यात मिसळावे लागते.

ते हाती येण्यासाठी जस्ताच्या वाफेला हवा न लागू देता थंड करावे लागते. भारतात हे चीनच्या आधी मोठ्या प्रमाणावर साधले होते. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे एका भट्टीत वांग्याच्या आकाराची 36 मातीची बंद पात्रे उलटी बसवत आणि वाफ नळीतून खाली, थंड भागात उतरून तिथे द्रव होई. संस्कृत रसशास्त्रात अशा पात्राला वृन्ताक मूषा हेच नाव आहे, आणि वृन्ताक म्हणजे आपले वांगे. चिनी पद्धतीत वाफ वर चढून पात्राच्या तोंडाशी केलेल्या थंड कप्प्यात साठे. सुंग यिंगशिंगने 1637 च्या ‘तिआनगोंग काइवू’ या ग्रंथात खनिजाने भरलेली, लिंपून बंद केलेली मडकी कोळशाच्या वड्यांत रचून तापवण्याची आणि थंड झाल्यावर फोडून जस्त काढण्याची कृती दिली आहे. जस्ताविषयी तो म्हणतो की तांब्याने त्याला आवरले नाही तर अग्नीत पडताच ते धूर होऊन उडून जाते. वाफेचा सिद्धान्त ठाऊक नसलेल्या माणसाने जस्ताचा स्वभाव किती अचूक टिपला आहे! चीनच्या नाण्यांच्या विश्लेषणांवरून त्यांत धातुरूप जस्ताचा वापर सतराव्या शतकात रुळल्याचे दिसते.

एक तृतीयांशाहून अधिक जस्त असलेले धुपाटणे 1430 च्या सुमारास ओतले गेले असणे त्यामुळे फारच असंभव ठरते. ते सतराव्या शतकातले किंवा त्यानंतरचे असावे. याच्या उलट तर्क मात्र कधीही करू नये. जस्त कमी आढळले म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. कारागिराने मुद्दाम कमी जस्त घातलेले असू शकते, आणि जुने पितळ पुन्हा वितळवताना प्रत्येक वेळी काही जस्त उडून जाते. मोजमाप कुठे केले यालाही महत्त्व आहे. क्ष-किरण यंत्राला वरचा अगदी पातळ थरच दिसतो, आणि त्या थरातील जस्त निघून गेलेले असू शकते किंवा त्यावर सोन्याचा मुलामा असू शकतो. म्हणून आम्ही पायाच्या आतल्या बाजूला, जिथे मूळ धातू उघडा पडला होता, तिथे यंत्र टेकवले. टिचकी मारून घुमणाऱ्या नादावरून वय सांगणारे जाणकार भेटतात. तो नाद आकार, जाडी, मिश्रण आणि तडे यांवर ठरतो, वयावर नाही.

हिरव्या थराचेही तसेच आहे. मातीत पुरलेल्या तांब्यावर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे कालांतराने हिरवे कार्बोनेट चढते. तेच नवसागर आणि आम्ल लावून काही दिवसांतही चढवता येते. मुळात श्वानदे पद्धतीची धुपाटणी कबरीत पुरण्यासाठी नव्हती. ती घराघरांत वापरात होती. त्यांचे खरे सौंदर्य ओतल्यानंतर रसायने आणि उष्णता यांनी पृष्ठभागावर आणलेल्या, आणि पुढे राखेत पुरलेल्या निखाऱ्याच्या मंद उबेने वर्षानुवर्षे खुललेल्या रंगांत आहे. त्यामुळे अशा धुपाटण्यावर जाड हिरवा थर दिसला तर संशय वाढायला हवा.

म्हणूनच चिंच, लिंबू किंवा पितळ घासायची पूड घेऊन अशा वस्तूला कधीही हात लावू नये. चिंचेतील टार्टारिक आम्ल आणि लिंबातील सायट्रिक आम्ल तो रंगीत थर एका दुपारीत विरघळवतात आणि खाली उरते ते देवघरातल्या समईसारखे पिवळे पितळ. त्या गृहस्थांनी धुपाटणे घासण्यासाठी चिंच भिजत घातली होती. परीक्षणाचा निकाल कळल्यावर ते काही वेळ गप्प बसले, मग त्यांनी चिंचेचे भांडे आत नेऊन ठेवले आणि तपकिरी पोटावरून कोरडी मलमल हळूच फिरवत ‘तीनशे वर्षांचे तरी असेल का?’ असे विचारले. जस्ताच्या आकड्यावरून ते शक्य आहे, पण तेवढ्यावरून खात्रीने सांगता येत नाही, असे मी त्यांना सांगितले. पुढची पायरी म्हणून आम्ही आता कानांचे सांधे आणि अक्षरांच्या कडा भिंगाखाली तपासणार आहोत, कारण साच्यात उमटलेले अक्षर आणि नंतर छिन्नीने कोरलेले अक्षर यांच्या कडा सारख्या नसतात.