किर्लोस्करवाडी

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील औद्योगिक वसाहत आणि पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक. उद्योजक लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये ती वसवली. कारखान्याभोवती कामगारांचे गाव उभारण्याचा हा देशातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. लोखंडी नांगर आणि पंप यांमुळे वाडीचे नाव झाले खरे. पण शिक्षण किंवा पूर्वायुष्य न पाहता माणसे निवडण्याची तिथली रीत त्याहून वेगळी होती.

ही रीत कुठून आली, याचा माग लक्ष्मणरावांच्या स्वतःच्या वाटचालीत लागतो. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवत असताना बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांसोबत सायकलचे दुकान चालवले, नंतर कडबा कापायची यंत्रे आणि नांगर बनवले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपता खपेनात. त्यातच नगरपालिकेच्या निर्णयामुळे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली. माळ निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला. तिथे काही मोजकी कामगार कुटुंबे सोबत आली.

वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी सांभाळला. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता ठरले, तर साधे कारकून म्हणून आलेले मंगेशराव रेगे मुख्य हिशेबनीस झाले. सर्वांत धाडसाची नेमणूक रात्रीच्या पहाऱ्याची. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती ती राखण दिली गेली. काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा कायदा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या नेमणुकीचे वजन कळते. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. प्रमाणपत्रे मागत बसणाऱ्या आजच्या भरती विभागांना हे सगळे बहुधा झेपणार नाही.

तरी वाडीचे चित्र अगदीच गुलाबी रंगवू नये. घर, पाणी, शाळा आणि पगार असे सगळे एकाच मालकाकडून येत असेल, तर नोकरी सुटताच छप्परही जाण्याची टांगती तलवार राहते. मालकाने वडीलधाऱ्याच्या नात्याने वागण्यात माया असते, तशी हुकमतही असते. जमशेदपूर किंवा इंग्लंडमधील बोर्नव्हिल या कारखानदारांनीच वसवलेल्या गावांनाही हाच प्रश्न विचारता येतो.

माणसांना वाव देण्याचा एक अनपेक्षित परिणाम मराठी वाङ्मयात दिसतो. लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकलेची आवड असलेले शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि पाठोपाठ ‘मनोहर’ निघाले. नांगरांच्या कारखान्यातून बुद्धिवादाचा आणि स्त्रियांच्या प्रश्नांचा पुरस्कार करणारी मासिके घरोघर जाऊ लागली. १९२० मध्येच किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. तिचा पंपांचा कारखाना आजही वाडीतच आहे.